तात्पुरता आवाज

मी गेमसाठी लिहिते असं सांगितलं की लोक विचारतात, "गेममध्ये लिहायला काय असतं?" पूर्वी मी समजावून सांगायचे. आता सांगते, "काही नसतं, उगाच बसलेली असते." माझ्या नाकावर राग असतोच. त्यात घरून काम करणाऱ्या माणसाला रागवायला भिंतीशिवाय कुणी मिळत नाही, त्यामुळे तो साठत जातो.

खरं सांगायचं तर खूप असतं. खेळणारा काय करेल हे कुणालाच ठाऊक नसतं. तो दार उघडेल, मागे फिरेल, नाहीतर नुसता उभा राहील. त्या प्रत्येक वेळी समोरचं पात्र काय बोलेल ते मी आधीच लिहून ठेवायचं. नुसत्या उभ्या राहणाऱ्यासाठी तर एक वेगळी यादीच असते. "कुठल्या मजल्यावर जायचंय साहेब?" मग थोड्या वेळाने, "बटण दाबा की, चावत नाही ते."

हे वाक्य लिफ्टमनचं. आमचा गेम एका बंद पडलेल्या हॉटेलातला. त्याच्या लिफ्टमध्ये एक लिफ्टमन आहे. तो केव्हाच मेलाय, पण त्याला पत्ता नाही. खेळणारा एकेक मजला चढत जातो आणि सगळ्यात वर पोचल्यावर त्याने लिफ्टमनला ते सांगायचं. सांगितलं की गेम संपला. ही कल्पना माझी. कंपनीने ती डोक्यावर घेतली तेव्हा मी घरभर नाचले होते.

असल्या गेममध्ये खरे नट अगदी शेवटी येतात. तोवर हाताशी असेल त्याच्याकडून वाक्यं म्हणवून घ्यायची, प्रसंग जमतोय की नाही ते बघायला. त्याला आम्ही तात्पुरता आवाज म्हणतो. माझ्या हाताशी धाकटा भाऊ होता. त्याचा आवाज असा, की तो हळू बोलला तरी शेजाऱ्यांना कळायचं. म्हणून घरात त्याचं नाव भोंग्या. आतल्या खोलीत डोक्यावर पांघरूण घेऊन, घामाघूम होत, त्याने लिफ्टमनचे सगळे मजले म्हटले. फक्त शेवटचा राहिला, कारण तो मीच लिहिला नव्हता. मग भोंग्याला ताप आला, तो दवाखान्यात गेला आणि परत आलाच नाही.

भेटायला येणारे कमी झाल्यावर एका दुपारी आईने विचारलं, "त्याचा आवाज आहे ना गं तुझ्याकडे?"

मी आतल्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर गेम लावून दिला. आईला खेळता येत नाही. ती लिफ्टमध्ये शिरली आणि तिथेच राहिली. भोंग्या म्हणाला, "चावत नाही ते," आणि आई हसली. किती दिवसांनी हसली होती! मला बरं वाटलं. तेव्हापासून रोज दुपारी ती आत बसायची आणि मी बाहेरच्या खोलीत काम करायचे.

पण तिचं जेवण लांबायला लागलं. "तू घे जेवून, मी मागाहून बसते," म्हणायची आणि तिचं ताट संध्याकाळपर्यंत झाकलेलंच असायचं. तिच्या मनगटातलं घड्याळ सैल होऊन कोपराकडे सरकायला लागलं.

त्यातच एक दिवस ती दारात येऊन म्हणाली, "अगं, भोंग्या खोकतोय."

"आई, लिफ्टमन खोकत नाही. मी खोकला लिहिलेलाच नाही."

"तू लिहिला नसशील. तो खोकतोय."

दुसऱ्या दिवशी तो हसला म्हणाली. त्यानंतर म्हणाली, "आज तुझ्यावर चिडला होता. म्हणाला, ताईला अक्कल नाही, एवढं लांबलचक वाक्य एका दमात कोण म्हणेल?"

हे माझ्या संहितेत नव्हतं. आईच्या डोक्यातून येणंही शक्य नव्हतं. हे शंभर टक्के भोंग्याचं होतं. मी सगळी पानं चाळली. कुठे काही नाही. आईचं डोकं फिरायला लागलंय, अशी मी स्वतःची समजूत घातली. ती दुसऱ्या शक्यतेपेक्षा बरी होती.

मग एका दुपारी तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. कशाला हात लावला नाही. लिफ्टमन माझी यादी म्हणत गेला आणि यादी संपली. नुसती लिफ्टची घरघर. बाहेर लख्ख ऊन, पडद्यातून टेबलावर आलेलं. मी उठणार, इतक्यात तो खोकला.

"थांब, परत घेतो," तो म्हणाला. मग त्या आवाजाच्या मागून, लांबून, एक बाई ओरडली, "अरे, ये ना जेवायला! ताट वाढलंय!"

तो आवाज आईचा होता. आई तर माझ्या शेजारी तोंड मिटून बसली होती.

"आलो गं आई, दोनच मिनिटं," भोंग्या म्हणाला.

आईने माझ्याकडे पाहिलं. "ऐकलंस? येतो म्हणाला."

मी खोलीबाहेर गेले ती सरळ बेसिनपाशी. तोंडावर पाणी मारताना डोक्यात प्रकाश पडला. काखेत कळसा आणि गावाला वळसा! भोंग्या रेकॉर्डिंग कधी मध्येच थांबवायचा नाही, सगळं सलग माझ्याकडे टाकायचा. त्यातली वाक्यं कापून घेऊन उरलेली कात्रणं मी त्याच फोल्डरमध्ये सारली होती. आणि उभ्या राहणाऱ्याच्या यादीच्या शेवटी 'आता गप्प' असं लिहावं लागतं, ते मी विसरले होते. यादी संपली की मशीन फोल्डरमध्ये जे सापडेल ते वाजवत होतं. आमच्या धंद्यातल्या कुणालाही सांगितलं तर तो पोट धरून हसेल. कुठलाही खेळणारा इतका वेळ नुसता उभा राहत नाही, म्हणून ही चूक कुणाला सापडली नव्हती. माझी आई उभी राहिली.

एवढं कळल्यावर भीती जायला हवी होती. ती गेली नाही. हाक तिचीच, उत्तर त्याचं, आणि ती ताट झाकून वाट बघतेय. यात मशीनचा काय दोष?

त्याच आठवड्यात कंपनीतल्या प्रोड्यूसरबाईंचा फोन आला. "शेवटचा मजला कधी देतेस? नट तारखा देऊन बसलाय. तो आला की तात्पुरतं सगळं उडवून टाकू."

"देते," मी म्हटलं.

कात्रणं मला तेव्हाच पुसता आली असती. एक बटण दाबायचं फक्त. ती पुसली तर भोंग्या माझ्या हातून पुन्हा जाणार. ठेवली तर आई उपाशी बसणार. दोघांपैकी एकालाच वाचवता येणार होतं, त्यातला एक आधीच गेलेला होता, तरी मला ठरवता येईना. त्या बटणाचा मला संताप आला. भोंग्याचाही आला.

शेवटी आत, गेमसमोर बसलेल्या आईलाच म्हटलं, "तो जुना आवाज आहे गं. तेव्हाचा."

"मला कळत नाही होय? मी काय वेडी आहे?"

"मग जेवत का नाहीस?"

ती पदराशी चाळा करत राहिली. "तो येतो म्हणाल्यावर मी आधी कधी बसले नाही. आता कशी बसू? कळतं सगळं. कळून घास उतरत नाही."

मी तिच्या हातावर हात ठेवला, तिचं बोट सगळ्यात वरच्या मजल्याच्या बटणावर नेलं आणि दाबलं. लिफ्ट चढत गेली. दार उघडलं. तिथे आवाज नव्हता, नुसती अक्षरं उमटली: 'वरचा मजला आला. आता मी कुठे जाऊ?' त्याखाली खेळणाऱ्याने निवडायची उत्तरं, मी कच्ची लिहून टाकलेली.

आईने चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं. "'तू केव्हाच मेला आहेस.' 'ही लिफ्ट कित्येक वर्षं बंद आहे.' 'तुझी कुणी वाट बघत नाही.' हे कुणी लिहिलं?"

"मी."

"भोंग्या म्हणतो ते खरं आहे. तुला अक्कल नाही."

आम्ही दोघी हसलो. मग मला रडू फुटलं, आणि आईने मला रडू दिलं.

"असं तोंडावर सांगतात का कुणाला?" ती म्हणाली.

"मग तू काय सांगशील?"

ती पडद्यावरच्या लिफ्टमनकडे पाहत राहिली. मग दुसऱ्या खोलीतल्या माणसाला सांगावं तसं, जरा आवाज चढवून म्हणाली, "राहू दे रे तुझं सावकाश. मी जेवून घेते."

खुर्चीच्या हाताला धरून ती उठली आणि स्वयंपाकघरात गेली. भांड्यांचा आवाज आला. मी माझी तिन्ही उत्तरं खोडली आणि तिथे तिचं वाक्य टाईप केलं. लिफ्टमनच्या उत्तराची जागा मोकळी ठेवली. प्रोड्यूसरबाईंना पाठवलं आणि खाली लिहिलं, यात काही बदलायचं नाही. उभ्या राहणाऱ्याची यादीही दुरुस्त करून उद्या देते, असंही कळवलं. नीट चालतंय का ते बघायला गेम पहिल्यापासून लावला, लिफ्टमध्ये शिरले, तेवढ्यात आईने हाक मारली, "ये गं, गार होतंय." तो तसाच चालू ठेवून मी गेले.

आम्ही समोरासमोर बसलो. आई जेवत होती. हळूहळू, पण जेवत होती. आतून भोंग्याचं एकेक वाक्य येत होतं. बटण चावत नाही वगैरे झालं. यादी संपली. घरघर. खोकला. मग आईची ती लांबून आलेली हाक, आणि लगेच, "आलो गं आई, दोनच मिनिटं."

आईचा हात तोंडाशी थांबला. मग तिने घास घेतला, चावला, आणि भांडं पुढे ओढून माझ्या ताटात भाजी वाढली.