मोडलेल्या अठ्ठ्या

सिस्टर दररोज जिंकायला लागल्या तेव्हा सुरुवातीला त्यांना आभाळ ठेंगणं झालं. इस्पितळातली नोकरी संपून किती काळ लोटला, तरी सगळी गल्ली त्यांना सिस्टरच म्हणे. दुपारी नणंदेच्या शिवणाच्या दुकानात, कापड बेतायच्या मोठ्या टेबलावर रमीचा डाव बसायचा. सिस्टर, नणंद आणि नणंदेच्या विहीणबाई. या विहीणबाई म्हणजे पोटच्या मुलालाही जोकर न सोडणाऱ्या. त्यांना हरवणं म्हणजे काही खायचं काम नव्हतं.

त्याआधी घडलं होतं ते एवढंच. सिस्टर तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगू लागल्या, गॅसवर ठेवलेलं दूध विसरू लागल्या, म्हणून मुलगा त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेला. तपासून झाल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वयाच्या मानाने विसरणं जरा जास्त आहे, पण हा स्मृतिभ्रंश नव्हे. काहींचं पुढे वाढतं, काहींचं आहे तिथेच राहतं, काहींचं सुधारतंसुद्धा. आपली कामं आपण करा, माणसांत राहा आणि अधूनमधून दाखवायला या."

लपवाछपवी सिस्टरांच्या स्वभावातच नव्हती. त्यांनी हे सगळं दुकानात जसंच्या तसं सांगून टाकलं. दोघींनी समजल्यासारख्या माना डोलावल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून सिस्टरांचं नशीब फळफळलं.

पण उभा जन्म रुग्णांचे चेहरे वाचण्यात गेलेली बाई ती. विहीणबाई हरतात आणि वर हसतात? कुठेतरी पाणी मुरतंय, हे त्यांच्या लक्षात आलं.

एका दुपारी त्यांनी विहीणबाईंनी टाकलेली अठ्ठी उचलली, तीही सगळ्यांना नीट दिसेल अशी. विहीणबाईंनी पुढच्याच पाळीला आणखी एक अठ्ठी टाकली.

"पानं दाखवा," सिस्टर म्हणाल्या.

"अगंबाई, भर डावात?"

"दाखवा म्हणते ना!"

विहीणबाईंनी नाइलाजाने पानं मांडली. हातात अजून दोन अठ्ठ्या होत्या. लागलेल्या तीन अठ्ठ्या मोडून बाईंनी त्यातली एक सिस्टरांना वाहिली होती.

"वहिनी, रागावू नका हो," नणंद म्हणाली. "हरलात की मनाला लावून घ्याल आणि तब्येत आणखी बिघडेल, असं वाटलं आम्हाला."

"वन्सं, मला विसरायला होतं. मी दुधखुळी नाही!" सिस्टरांचा आवाज चढला आणि मग भरून आला. "डॉक्टरीण बोलली तेव्हासुद्धा मी इतकी घाबरले नव्हते. तुम्ही दोघींनीच मला खेळातून काढलंत, तर मी जाऊ कुणाकडे?"

विहीणबाई ओशाळल्या. "मग आम्ही करायचं तरी काय?"

"पाळी कुणाची, ते माझ्या ध्यानात राहत नाही. तेवढं सांगा. बाकी पानं माझी आणि चुकाही माझ्या."

नणंदेने मशीनवरची टाचण्यांची उशी आणली. जिची पाळी, तिच्यापुढे उशी, असं ठरलं. विहीणबाईंनी चष्मा सारखा केला, पानं पिसली आणि मागची सगळी कसर भरून काढली. दुसऱ्या डावात तर सिस्टरांनी हातातला जोकरच टाकून दिला.

"अहो, डोकं काय घरी ठेवून आलात?" विहीणबाई खेकसल्या, आणि लगेच त्यांनी जीभ चावली.

सिस्टर हसत सुटल्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "बोला, बोला! किती दिवसांनी बोललात!"

संध्याकाळी त्या गुणगुणतच घरी आल्या. मुलाने विचारलं, "काय आई, आज पण जिंकलीस वाटतं?"

"छे रे! पार धुव्वा उडाला माझा!"

एवढा धुव्वा उडूनही आईचा चेहरा फुललेला पाहून मुलाने बायकोकडे काळजीने पाहिलं. ती नजर सिस्टरांनी बरोबर टिपली.

"डोकं आहे तिथेच आहे रे माझं," त्या म्हणाल्या. "पण आज त्यांनी मला खरंखुरं हरवलं."