झेनोबिया शिकवत नाही ती चाल

मित्रांनो, बँडमध्ये लांब नळी पुढेमागे सरकवत वाजवणारा माणूस तुम्ही पाहिला असेल. त्याच्या हातातलं पितळी वाद्य म्हणजे ट्रॉम्बोन. मी तसाच एक ट्रॉम्बोन. आता माझी चकाकी गेली आहे, कर्ण्याला एक पोचा आहे आणि थंडीत माझी नळी कुरकुरते.

कारखान्यातले दिवस मला फारसे आठवत नाहीत. आठवतं ते न्यू ऑर्लीन्समधलं, ट्रेमे वस्तीतलं अल्सीद फोर्शेचं स्वयंपाकघर. शनिवारी तो मला नाचघरात वाजवायचा. सोमवारी राजमा शिजत ठेवायचा आणि कागद घेऊन टेबलाशी बसायचा. चाल एकच, पण ट्रम्पेटने काय वाजवायचं, सॅक्सोफोनने कुठे बोलायचं, हे सगळं तो मांडायचा आणि प्रत्येकाचा भाग आधी माझ्यावर वाजवून बघायचा. बारा जणांचा बँड माझ्या एकट्याच्या पोटातून जायचा. तो म्हणायचा, "मांडणी म्हणजे काय? अकरा जणांना गप्प बसवायचं आणि एकालाही राग येऊ द्यायचा नाही." त्याचं नाव झालं. लोक त्याच्या मांडणीचे कागद मागायला दुसऱ्या गावांहून येत.

दुपारी तो शाळेत पितळी वाद्यं शिकवायचा. तिथे झेनोबिया आली. वय वर्षं नऊ, हात आखूड, नळीच्या टोकापर्यंत पोचायचे नाहीत. एक दिवस लांब ढकललेली नळी परत ओढता यावी म्हणून तिने तिला सुतळी बांधून आणली. मुलं हसली. अल्सीदने तिची सैल गाठ सोडली आणि स्वतः पक्की बांधून दिली.

"ओठांचं नंतर बघू, पोरी. आधी श्वास. श्वास नसेल तर हा नुसता न्हाणीघरातला नळ आहे."

ती मोठी झाली आणि त्याच शाळेत त्याच्या शेजारच्या वर्गात शिकवू लागली. तरी त्याला ती 'मास्तर'च म्हणायची.

तीस वर्षं अल्सीद ट्रम्पेटच्या पुढ्यात आणि झांजांच्या शेजारी बसला होता. त्याचे कान बिघडू लागले, हे मला सगळ्यांच्या आधी कळलं. वरचे सूर त्याला उतरलेले ऐकू यायचे. मग तो माझी नळी बोटभर आत ओढायचा आणि चढा, बेसूर आवाज निघायचा. तो मात्र समाधानाने मान हलवायचा. मला ओरडून सांगावंसं वाटे. पण वाद्य ते, जसं वाजवतील तसं वाजतं.

वर्गातही तो म्हणू लागला, "वरचा सूर चढवा. अजून." बावीस मुलं चढवू लागली. झेनोबिया त्याच्या पाठीमागे त्यांना दुरुस्त करायची, दुसऱ्या दिवशी तो पुन्हा बिघडवायचा. वसंतात बॅटन रूजला स्पर्धा झाली. मुलांनी शिकवलं तसंच वाजवलं. समोर बसलेली दुसऱ्या शाळांची मुलं तोंडावर हात धरून हसत होती. परतताना बसमध्ये आमची मुलं रडली.

दुसऱ्या दिवशी झेनोबिया स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली. मी टेबलावर होतो.

"मास्तर, मुलांची चूक नव्हती."

"परीक्षकांची होती. त्या लोकांना आपलं संगीत कधी कळलंय?"

"त्यांचीही नव्हती." तिने खुर्ची घट्ट धरली होती. "तुमचे कान गेलेत, मास्तर. वरचे सूर तुम्हाला उतरलेले ऐकू येतात."

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली."

"आणि बँडमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे?"

तिने होकारार्थी मान हलवली.

"सूर म्हणजे काय हे मी तुला सांगितलं," तो हळू आवाजात म्हणाला. "आता तू मला सांगणार. जा. जाताना दार ओढून घे."

त्याच आठवड्यात त्याने शाळा सोडली. मला पुसून पेटीत ठेवलं आणि पलंगाखाली सारलं. तीन वर्षं तेल नाही, हवा नाही. माझ्यावर हिरवा गंज चढला, नळी अडकली. मांडणीच्या कागदांच्या मागे तो वाणसामानाची यादी लिहू लागला.

दर सोमवारी झेनोबिया ओसरीवर ताजा पाव ठेवून जायची. तिची पावलं लांब गेली की तो दार उघडायचा. समोरचा क्लोव्हिस न्हावी एकदा म्हणाला, "पाव गोड आणि पोरगी कडू, असं कसं रे अल्सीद?" अल्सीदने पाव उचलला आणि दार लावलं.

मग त्याचं हृदय थकलं. क्लोव्हिसने निरोप पाठवला तशी झेनोबिया धावत आली. दार उघडंच होतं.

"पलंगाखाली बघ," अल्सीद म्हणाला.

कोमट पाणी, तेल, फडकं. तासाभराने माझी नळी सरकली.

"वाजव. युलालीची चाल."

युलाली त्याची बायको. ती गेली तेव्हा त्याने ही संथ चाल रचली होती. झेनोबियाने श्वास घेतला. खालचे सूर झाले, मग वरचा आला. मित्रांनो, तो सूर अगदी खरा होता.

अल्सीदच्या कपाळावर आठी पडली. "उतरलाय."

झेनोबिया थांबली. मग तिने माझी नळी बोटभर आत ओढली.

"हं," तो डोळे मिटून म्हणाला. "आता आला."

तिने सगळी चाल तशीच वाजवली. प्रत्येक वरचा सूर बोटभर चढा, एकाही ठिकाणी चुकून खरा लागू दिला नाही. रस्त्यावरून क्लोव्हिस ओरडला, "कोण रे मांजर पिळतंय?" ती थांबली नाही. तिच्या गालांवरून पाणी माझ्या नळीवर ओघळत होतं.

"तुझे कान छान तयार झालेत, पोरी," अल्सीद म्हणाला.

शुक्रवारी तो गेला.

आता मी झेनोबियाच्या वर्गात असतो. मित्रांनो, वाजवून झालं की आमच्यातलं पाणी काढा, नळीला तेल द्या, आम्हाला पलंगाखाली ढकलू नका. आणि ज्यांनी शिकवलं त्यांच्याशी अबोला फार लांबवू नका. माझा गंज निघाला, पण त्या दोघांची तीन वर्षं कुणाला भरून काढता आली नाहीत.

युलालीची चाल झेनोबिया शाळेत शिकवत नाही. मुलं हट्ट धरतात तेव्हा ती मला पुसत म्हणते, "ती मला नीट येत नाही रे."