पोटमाळ्यावरची हिरवी वायर

पुढच्या महिन्यात दुसरं बाळ यायचं होतं, म्हणून हिस्केची खोली पोटमाळ्यावर हलवायची ठरली. तीन वर्षांची पोर आणि तिच्या डोक्यावर आजोबांच्या तरुणपणातल्या वायरी! मी म्हटलं, इलेक्ट्रिशियन बोलवू. तर माझा नवरा स्यूर्ड आणि सासरे वीबे यांनी असं पाहिलं, जणू मी बटाटे सोलायलाही माणूस लावायला निघाले होते. आमच्या फ्रीसलंडमध्ये, हॉलंडच्या या उत्तर टोकाला, घरची कामं घरच्यांनीच करायची, शनिवारी, जुनी पँट चढवून.

"फेम्के, तू खाली जाऊन कॉफी कर," सासरे शिडीवरून म्हणाले. "इथे बसलीस तर नवा बल्ब तुझ्या काळजीनेच उडेल."

मी हलले नाही. हिस्केला मांडीवर घेऊन जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून राहिले. माळ्याच्याच कोपऱ्यात वॉशिंग मशीन रोजच्यासारखं घरघरत होतं.

सासरे माळ्याचा फ्यूज बंद करून आले होते. जुना दिवा विझला, म्हणजे त्यांच्या लेखी विषय संपला. त्यांनी छताचा जंक्शन बॉक्स उघडला, तसा लाल, काळ्या, हिरव्या वायरींचा गुंता बाहेर लोंबला.

"हिरवी म्हणजे अर्थिंग," स्यूर्ड स्टुलावर चढला. "ती कुणाला चावत नाही."

"अरे शहाण्या, आमच्या वेळी करंट हिरवीतच असायचा, तीच चावायची!" सासरे खुशीत आले. "तुझे नवे रंग या घराला कोण शिकवणार? पण आज ती झोपलीय. धर बिनधास्त."

"बाबा, आधी टेस्टर लावा," मी म्हटलं.

"लग्नाआधी माझ्या मुलाला लावून पाहिला होतास का गं?"

"नाही ना. तिथेच चुकलं."

स्यूर्ड हसत हसत हात वर नेत होता. आणि सकाळपासून कानांवर पडणारी ती घरघर मला एकदम ऐकू आली.

"हात खाली घे! माळ्याचं सगळं बंद केलंय, तर मशीन कशावर फिरतंय?"

सासऱ्यांनी हिरवीला टेस्टर लावला. तो पेटला. मशीनची लाइन वेगळ्या फ्यूजवरची होती, पण गेली होती याच बॉक्समधून.

"बरं झालं," शिडीवरून उतरत ते म्हणाले, "ही कधी माझं ऐकत नाही."

मग सबंध घराचाच मेन स्विच बंद केला. स्यूर्डने एकेका वायरीला टेस्टर लावला. "हा खिळाही बघू का?" त्याने विचारलं.

"बघ."

त्याने खरंच बघितला.

दुपारी सगळं जोडून झालं. दिव्याचं बटण खाली, हिस्केच्या उंचीवर बसवलं होतं. मेन चालू होताच ती तिकडे धावली. माझा हात तिच्या कॉलरपर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

तिने बटण दाबलं. उतरतं छत उजळलं. मग विझवलं, लावलं, विझवलं, लावलं.

"आता हिला कोण आवरणार?" सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"कुणी नाही," मी म्हटलं, आणि तिला तिथेच सोडून तिची उशी आणायला खाली गेले.