पुसणाऱ्याचं लॉगिन

तोंडावर मी त्याला साहेब म्हणायचे, मनात कायम 'तो'. इथेही 'तो'च म्हणणार. त्याला मान द्यायला माझी जीभ वळत नाही.

आमच्या इस्पितळात तो डेटाबेस विभागात सगळ्यांत वरचा, मी त्याच्या हाताखाली. माघारी सगळे त्याला हिरवेसाहेब म्हणत. रोज सकाळी आल्या आल्या बॅकअपचा अहवाल उघडायचा, सगळ्या ओळींपुढे हिरव्या खुणा दिसल्या की "सगळं हिरवं" म्हणायचा आणि चहाला निघायचा. त्या बॅकअपमधून डेटा खरंच परत उभा राहतो का, हे त्याने उभ्या जन्मात करून पाहिलं नव्हतं.

सहा वर्षांपूर्वी एका मंगळवारी दुपारी ऑपरेशनच्या तारखांचं अख्खं टेबल रिकामं झालं. कोणीतरी एकच रद्द झालेली नोंद पुसायला गेलं आणि कुठली नोंद, ती अट लिहायची राहिली. अट नसली की डेटाबेस काही विचारत बसत नाही, सगळं पुसून मोकळा होतो. चार हजार माणसांच्या तारखा गेल्या, आणि बॅकअपमधून त्या परत आणणं कोणालाच जमलं नाही. दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी आलेली माणसं खिडकीपुढे उभी होती. एका आजींनी माझा हात धरून विचारलं, "मग मी आता जेवू का?"

चौकशीत त्याने खापर माझ्यावर फोडलं. "नवीन आहे हो ती, घाईत झालं असेल," असं अगदी मायेने सांगितलं. लॉगमधून काही कळत नाही, असंही वर ठोकून दिलं. लॉग म्हणजे डेटाबेसची रोजनिशी. कोणी, किती वाजता, काय केलं ते सगळं त्यात असतं. मला तेव्हा ती वाचता येत नव्हती. येत असती तर तिथेच त्याचे दात त्याच्या घशात घातले असते. माझ्या सेवापुस्तकात शेरा पडला आणि माझी रवानगी तळघरात, बॅकअपच्या जुन्या टेपांच्या कपाटांपाशी झाली.

घरी सासूबाई पाहुण्यांना कौतुकाने सांगायच्या, "आमच्या सूनबाईंनी चार हजार माणसं लटकवली होती, पण नोकरी टिकली हो." नवरा म्हणायचा, "जाऊ दे ना, विसर आता." कशी विसरणार? दर वर्षी बढतीची यादी लागायची, दर वर्षी तो शेरा आडवा यायचा.

तळघरात एक टाकून दिलेला सर्व्हर होता. दर गुरुवारी मी त्यावर एक जुनी टेप परत उभी करायला घेतली. पहिल्या दहा वेळा सपशेल आपटले. मग जमायला लागलं. मग लॉग वाचायला शिकले, एकेका मिनिटापर्यंत मागे जायला शिकले. लोक बढतीसाठी शिकतात, मी उट्टं काढायला शिकले, आणि खरं सांगते, रागाने शिकलेलं जास्त पक्कं बसतं.

त्या मंगळवारची टेपही कपाटात होती, दोन प्रती. एक मी उभी केली. दोन वाजून सतरा मिनिटं, आणि पुढे त्याचं लॉगिन. मी कागद छापून आस्थापना अधिकाऱ्यांकडे नेला. ते म्हणाले, "बाई, ज्याच्यावर ठपका त्यानेच आणलेला पुरावा मी कसा धरू? साहेबांच्या हातचं, त्यांच्या सहीचं काही आणा, शेरा त्याच दिवशी काढतो." तळपायाची आग मस्तकात गेली, पण मूग गिळून परत आले.

या वर्षी प्रमुख डीबीएचं, म्हणजे सगळे डेटाबेस सांभाळणाऱ्या मुख्याचं, नवं पद निघालं. अर्ज दोनच, त्याचा आणि माझा. बाहेरच्या एक परीक्षकबाई येणार होत्या आणि तोंडी परीक्षेऐवजी प्रात्यक्षिक घेणार होत्या. त्या तळघरात उतरल्या आणि म्हणाल्या, "मला खऱ्या घोटाळ्याची जुनी टेप हवी. पण जो टेप देईल त्याला परीक्षेला बसता येणार नाही, त्याला उत्तर माहीत असणार."

मी पाच मिनिटं मागून घेतली. ते पद मला मिळालं असतं, यात मला तसूभरही शंका नव्हती. पण शेरा तसाच राहिला असता, आणि तो हिरव्या खुणा बघत सुखाने निवृत्त झाला असता. मी अर्ज मागे घेतला आणि दुसरी, सीलबंद प्रत बाईंच्या हातात दिली. घरी नवऱ्याने कपाळाला हात लावला.

परीक्षा सकाळी दहाला, वेळ दोन तास. टेपवर आदल्या दिवसाचा पूर्ण बॅकअप आणि त्यानंतरचे लॉगचे तुकडे. प्रश्न तीन होते. डेटा पुसण्याच्या आधीच्या मिनिटाला आणून उभा करा. पुसल्याची वेळ लिहा. पुसणाऱ्याचं लॉगिन लिहा आणि खाली सही करा. टेपची माहितगार म्हणून मला बाजूला बसवलं होतं. अडलं तर विचारायची मुभा होती, प्रत्येक विचारण्याला पाच गुण कापणार.

टेपवरची तारीख पडद्यावर मोठ्या अक्षरांत आली. त्याने ती पाहिली आणि पुढे गेला. त्याला आठवलीच नाही. मी सहा वर्षं ज्या तारखेवर दात-ओठ खाल्ले, ती त्याच्या लक्षातही नव्हती. मला तिथेच उठून त्याला बदडावंसं वाटलं.

आणि मग वेगळीच पंचाईत झाली. त्याला जमेचना. पूर्ण बॅकअप आणला, डेटाबेस लगेच उघडून टाकला, हिरवी खूण आली, तो मागे रेलला. "झालं." पण एकदा उघडलेल्या डेटाबेसवर लॉग चढत नाहीत. तो एकेक लॉग देत होता, डेटाबेस एकेक परत फेकत होता. पाऊण तास गेला. गडी घामाघूम. मी लावलेल्या फासापर्यंत चालत यायची अक्कलसुद्धा माणसाकडे नसावी?

"अगं, हे घेत का नाही?" त्याने शेवटी मला विचारलं.

बाईंनी पाच गुण कापले. मी म्हटलं, "साहेब, उघडू नका. पुन्हा पहिल्यापासून आणा आणि अर्धवटच ठेवा. लॉग संपेपर्यंत उघडायचं नाही."

त्याने तसं केलं. मग लॉगचा क्रम चुकला. मी क्रम सांगितला. मग कुठे थांबायचं ते कळेना. मी सांगितलं, आधी लॉग वाचा, पुसल्याची ओळ शोधा, तिच्या आधीच्या मिनिटाला थांबवा. ज्याचा गळा धरायचा होता, त्याला मी बोट धरून चालवत होते. "उपकार झाले तुझे," तो पुटपुटला. मी म्हटलं, "छे हो साहेब, तुम्ही फक्त ओळ शोधा."

साडेअकराला ओळ सापडली. त्याने आनंदाने वेळ लिहिली, दोन सतरा. मग तिसऱ्या रकान्यात लिहायला लागला, आणि पहिली चार अक्षरं लिहून त्याचं पेन थांबलं. त्याने पडद्याकडे पाहिलं, वर तारखेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आत्ता आठवली. माझ्या पोटात इतकं गार वाटलं की काय सांगू.

"पुढे लिहा," परीक्षकबाई म्हणाल्या. "दिसतंय ना लॉगिन?"

"दिसतंय," तो म्हणाला.

"मग अडलं काय?"

कोरं सोडलं असतं तर नापास झाला असता, आणि ओळ मात्र पडद्यावर तशीच राहिली असती. "माझंच आहे," तो अगदी हळू म्हणाला. उरलेली अक्षरं लिहिली, सही केली, आणि आमच्या कोणाकडे न बघता बाहेर गेला. चहाला मात्र गेला नसावा.

परीक्षकबाईंनी कागद उचलला, तिसऱ्या रकान्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. त्यांना सगळं कळलं असणार. "आज या खोलीत हे काम येणारं माणूस एकच होतं," त्या म्हणाल्या. "तुमच्या साहेबांना मी या पदावर घेऊ शकत नाही, आणि तुम्ही पुन्हा अर्ज करावा तर मुदत शुक्रवारीच संपली. पद बाहेरच्या माणसाला जाईल."

"माहीत आहे," मी म्हटलं. "मला त्या कागदाची एक प्रत द्या, तुमच्या शिक्क्यासकट. आस्थापना विभाग एकला जेवायला बंद होतो."