मावशींचा रिपोर्ट मी छापला

मित्रांनो, मी एक जुना प्रिंटर आहे. झेरॉक्सच्या दुकानात दाराच्या आडोशाला असतो. मी नवा होतो तेव्हा शेजारी जिन्याखाली शिवण करणाऱ्या मावशींनी मला कव्हर शिवून दिले, पैसेही घेतले नाहीत. पुढे ते फाटले, धूळ पोटात गेली आणि माझ्या छपाईत काळे पट्टे उमटू लागले.

आमचे मालक मनाने लोण्याहून मऊ. ज्यांना मोबाइलचे कळत नाही, त्यांच्या अर्जात ते स्वतःचाच नंबर घालत. निरोप आला की सांगेन म्हणत. लोक त्यांना दुवा देत आणि मीही ते अर्ज छापून धन्य होई.

मावशींना चौकातला गाळा घ्यायचा होता. एकदा तरी आपल्या नावाची पाटी लागावी, एवढीच त्यांची इच्छा. बँकेने कर्ज नाकारले. कारण विचारले, तर तुमचा क्रेडिट रिपोर्ट मागवून बघा म्हणाले. कुणी कर्ज कसे फेडले, त्याच्या नोंदी त्यात असतात. मालकांनी ओळखपत्र जोडून प्रत मागवली. ती मी छापली आणि मला वाटले, माझ्या पट्ट्यांमुळेच मावशींचे नाव काळे दिसते आहे.

तसे नव्हते. भावाच्या टेम्पोच्या कर्जाला मावशी जामीन होत्या आणि भावाने हप्ते थकवले होते.

"मला कुणी कळवलं कसं नाही?" मावशींनी विचारले.

मालक रिपोर्टवरच्या नंबराकडे बघत राहिले. तो त्यांचाच होता; जामिनाचा अर्जही त्यांनीच भरून दिला होता. "निरोप येत होते मावशी. मी जाहिराती समजून पुसले."

मावशी म्हणाल्या, "तू परका. भाऊ तर दर रविवारी माझ्याकडे जेवतो."

नोंद खरीच होती, त्यामुळे दुरुस्त करण्यासारखे काही नव्हते. गाळा दुसऱ्याने घेतला. मालक आता कुणाच्या अर्जात आपला नंबर घालत नाहीत, तर लोक म्हणतात, दुकान चालले तशी शिंगे फुटली.

मित्रांनो, काम अडण्याआधीच आपल्या रिपोर्टची प्रत मागवा आणि अर्जात नंबर आपलाच द्या. मला आता भंगारात काढले आहे. हे मावशींना कुणी सांगितले नाही. त्या आज सकाळीच माझ्यासाठी नवे कव्हर शिवून घेऊन आल्या.