न उघडलेली पेटी

तीस वर्षांत गेनझोकाकांनी माझी पेटी बाजारात कधी उघडून बघितली नाही. पहाटे पाचला गमबूट फटफटवत यायचे, मी थर्माकोलची पेटी पुढे सरकवायची, ते ती सायकलच्या कॅरिअरला बांधायचे आणि म्हणायचे, "झाकण नीट लावलंयस ना? बर्फ सांडतो." एवढंच. बाकीचे सुशीवाले माशाचे कल्ले उचकटतात, पोट दाबतात, डोळ्यांत टॉर्च मारतात, मुलगी बघायला आल्यासारखे. काकांनी हे माझ्या बापाशी कधी केलं नाही आणि बाप गेल्यावर माझ्याशीही नाही. चोशी बंदरातल्या आमच्या मासळीबाजारात याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो.

मासा खराब निघाला तर मात्र ते दुकानातून परत यायचे. असं एकदाच झालं, बावीस वर्षांपूर्वी. एक माकूल त्यांनी माझ्या फळीवर आपटलं आणि सगळ्या बाजारादेखत ओरडले, "मांजराला घाल! मांजर नसेल तर पाळ आणि मग घाल!" मी त्या दिवशी बर्फाच्या खोलीत जाऊन रडले. दुसऱ्या दिवशी ते आले आणि पेटी न उघडता घेऊन गेले.

त्यांचं दुकान, इसोगेन, बाजाराच्या मागच्या गल्लीत. आठ स्टुलं, एक फळी, फळीपलीकडे काका. दर शनिवारी माझा गाळा आवरला की मी तिथे जेवायची. ते भात चिमटीत घ्यायचे, दोनदा दाबायचे, वर मासा ठेवून माझ्यापुढे सरकवायचे, आणि मी हातानेच उचलून तोंडात टाकायची. भात कोमट, मासा गार. जो मासा मी पहाटे ओल्या लादीवरून उचललेला असायचा तो त्यांच्या हातून आला की मलाच ओळखू यायचा नाही. शेवटी नेहमी बांगडा. मीठ लावून, शिरक्यात मुरवून, कातडीवर निळी झाक तशीच ठेवलेला. त्या बांगड्यासाठी लोक दोन-दोन तास बसने यायचे. मला नवरा नाही, मूल नाही. शनिवारचं ते स्टूल होतं, आणि ते मला पुरत होतं.

ऑक्टोबरात एके दिवशी दुपारी फुमिएकाकू माझ्या घरी आल्या. काकांची बायको, सत्तरीची, कधी कोणाच्या दारात न जाणारी. आत आल्या, बसल्या, चहाला हात लावला नाही.

"भात करपला काल," त्या म्हणाल्या.

"करपतो कधीकधी."

"अगं, गल्लीभर वास सुटला. शेजारचा भांडीवाला धावत आला. आणि हे शेगडीशेजारी उभं राहून सुरीला धार लावत होते. वसंतात तो ताप आला ना, तेव्हापासून आहे हे. मला काही बोलत नाहीत. पण माझं नाक शाबूत आहे, हिसानो."

"मग विचारा त्यांना."

"मी? आणि विचारलं तर? सुरी खाली ठेवतील. लोक भातावर जगतात, हे त्या सुरीवर जगतात. पण उद्या कोणाला काही झालं, कोणी मेलं, तर तेही हे सोसणार नाहीत." त्यांनी माझा हात धरला. "तू बघ. तुला बरोबर कळेल. मी आले होते म्हणून सांगू नकोस."

आता मला सगळे अक्कल शिकवतात की सरळ विचारायचं होतं. विचारून बघा ना! शहात्तर वर्षांच्या कारागिराला "तुमचं नाक गेलं का हो?" असं आमच्याकडे कोणी विचारत नाही. त्यापेक्षा लोक खराब मासा गिळतात, छान होता म्हणतात आणि पुन्हा त्या दारात पाऊल टाकत नाहीत. मी त्यातलीच. म्हणून मी शहाणपणा केला.

शुक्रवारी काकांनी फक्त दोन बांगडे सांगितले होते. एक मी उत्तम निवडला. दुसरा आदल्या दुपारपासून बर्फाबाहेर, पाणी तापवायच्या बंबाशेजारी ठेवलेला होता. त्याचे डोळे मी थंड पाण्याने धुतले, अंग पुसलं, वरून चकचकीत केला. पण कल्ल्याशी नाक नेलं की कळत होतं. पहिल्या महिन्याच्या शिकाऊ पोरालाही कळलं असतं. माझा हिशोब साधा होता. नाक ठीक असेल तर काका सात वाजायच्या आत येतील, फळीवर मासा आपटतील, मांजराचा उद्धार करतील. बदली द्यायला ताजा बांगडा मी कागदात गुंडाळून तयार ठेवला होता. त्या शिव्या खायला मी आसुसले होते, खरं सांगते.

पाच वाजता ते आले. "झाकण लावलंयस ना?" म्हणाले, पेटी बांधली आणि गेले.

सात वाजले. साडेसात झाले. समोरच्या गाळ्यावरचा म्हणाला, "हिसानोबाई, कोणाची वाट बघताय? नवरदेव येणारेय का?" मी त्याला काय उत्तर दिलं ते इथे सांगण्यासारखं नाही. आठाला मी तो कागदातला बांगडा उचलला आणि एप्रन-गमबुटांसकट पळत सुटले.

दारावरचा निळा पडदा लागलेला होता, म्हणजे दुकान उघडलं होतं. आत एक म्हातारं जोडपं बसलं होतं. नवऱ्याने बायकोच्या पाठीमागे उशी लावली होती. तिच्या मनगटावर सलाईनच्या जागी अजून पट्टी होती.

"ये, ये," काका म्हणाले. "आज शनिवार नाही, वाट चुकलीस? हे बघ, या बाई परवाच दवाखान्यातून सुटल्या. दोन महिने पेज खाल्ली. म्हणाल्या, घरी जायच्या आधी गेनझोचा बांगडा."

"बांगडा?" माझा आवाज चिरकला.

"मग काय, भोपळा?"

बाई हसल्या. शिरक्याच्या ताटात चार फाका पडल्या होत्या. दोन माशांच्या चार. वरचा पातळ पापुद्रा सोललेला, सगळ्या सारख्या. कुठल्या दोन कुठल्या माशाच्या, ते डोळ्यांनी ओळखायला मार्ग नव्हता. फुमिएकाकू मागे भांडी घासत होत्या. माझा चेहरा बघून त्यांचे हात थांबले.

"काका, जरा बाहेर येता? एक मिनिट."

"हाताला भात लागलाय. इथेच बोल."

आठ स्टुलांचं दुकान. तिथे कुजबुजलेलंही सगळ्यांना ऐकू जातं. मी म्हणाले, "आजचा सगळा बांगडा मला द्या."

"डोकं फिरलंय का तुझं? पाहुण्यांना काय तुझे गमबूट खायला घालू?"

त्यांनी फाक उचलली, तीन काप घेतले, भात दाबला. बघत राहावं असेच हात चालत होते अजून. पहिला तुकडा त्यांनी त्या बाईंपुढे ठेवला. बाईंनी हात जोडले. डोळ्यांत पाणीच आलं त्यांच्या. आणि मी हात लांब करून त्यांच्यापुढचा तुकडा उचलला आणि तोंडात कोंबला.

बाईंचे हात तसेच जोडलेले राहिले.

"हिसानो!" काका ओरडले. "लाज विकून आलीस काय?"

मी चावत होते. शिरक्याखाली, मिठाखाली, जिभेला मिरी चावल्यासारखं झोंबलं. आमच्या धंद्यात ते झोंबणं माहीत असतं. उबेत राहिलेला बांगडा तसा लागतो, आणि मग शिरका, मीठ, आग, कशानेही त्यातलं विष जात नाही. मी उरलेले दोन काप हिसकावून घेतले, तेही खाल्ले. मग फळीवरून वाकून शिरक्याचं ताटच ओढलं. ते खाली पडलं. पडलेल्या फाका मी गमबुटाने चिरडल्या. तोंडात मासा कोंबायला जमलं, जमिनीवर तुडवायला जमलं, पण चार शब्द बाहेर काढायला जमले नाहीत.

काका फळीपलीकडून बाहेर आले. मला वाटलं मारतात. पण माझ्याकडे बघून ते थबकले. माझा चेहरा तोवर लालभडक झाला असावा. कानांत ढोल वाजत होते, ओठ सुजले होते, श्वास अर्ध्यावर अडत होता. मी स्टूल धरायला गेले आणि स्टुलासकट आडवी झाले. फुमिएकाकूंचा आवाज ऐकू आला, "अगं बाई, हे काय केलंस!" त्यांना सगळं कळलं होतं.

दवाखान्यात दुसऱ्या दिवशी काका आले. इस्त्रीचा कोट घालून, माझ्या बापाच्या अंत्यविधीला घातला होता तो. खुर्ची दिली तरी बसले नाहीत. माझ्या खाटेपुढे उभे राहिले आणि कमरेत वाकले. एवढे वाकले की मला फक्त पांढरं डोकं दिसत होतं.

"मी तुला विष घातलं," ते म्हणाले.

"काका, उठा. उठा आधी."

"आरोग्य खात्याचा माणूस आला होता. मी सांगितलं, मासा चांगला आला होता, मी बाहेर ठेवला, विसरलो. दुकान बंद केलंय. पडदा काढून घडी करून ठेवला." ते वाकलेलेच होते. "तुझं नाव कुठे येणार नाही."

"काका…"

"माझं नाक गेलंय, हिसानो. वसंतातल्या तापात गेलं. फुमिएलाही सांगितलं नाही. बंदच करणार होतो तेव्हा. मग म्हटलं, कशाला? पेटी हिसानोकडची आहे. माझं नसलं म्हणून काय झालं, तिचं नाक आहे. सहा महिने मी तुझ्या नाकावर दुकान चालवलं." आता ते सरळ झाले. "अगदीच मेलेलं नाहीये ते. काल बांगडा चिरताना वास आला होता, बारीक. हात थांबलाही होता माझा. पण पेटी तुझी. म्हटलं, हिसानोचा मासा असा असणार नाही, म्हाताऱ्याचं नाकच खोटं बोलतंय."

खिडकीच्या कट्ट्यावर समुद्रपक्षी बसले होते आणि कोकलत होते. मला वाटलं, आता गप्प बसले तर मी कायमची गप्प बसेन.

"मासा खराबच होता," मी म्हणाले. "मी मुद्दाम घातला. बंबाशेजारी ठेवून. तुमचं नाक बघायला."

काका ओरडले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. मांजराला घाल म्हणाले असते तर मी त्यांचे पाय धरले असते.

"फुमिए बोलली का तुला काही?"

"नाही," मी खोटं बोलले. तेवढं एक खोटं मी अजून निभावते आहे.

"सरळ विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर सांगितलं असतं तुम्ही?"

त्यांनी विचार केला. "नाही," म्हणाले. मग कोटाची बटणं लावली आणि गेले.

मी आरोग्य खात्याच्या माणसाला बोलावून खरं ते सांगितलं. माझा गाळा तीन आठवडे बंद राहिला. लोक काय म्हणायचे ते म्हणाले. हात दाखवून अवलक्षण करणारी मी पहिली नव्हे. त्या दवाखान्यातून सुटलेल्या बाईंना मी पत्र लिहिलं, त्यांचं उत्तर आलं नाही. फुमिएकाकू एकदा रस्त्यात भेटल्या. मान लवून, पिशवी दुसऱ्या हातात घेऊन, पुढे गेल्या.

नोव्हेंबरात माझा गाळा उघडला त्या पहाटे मी पेटी भरून ठेवली. कोणासाठी ते मी स्वतःलाही सांगत नव्हते. पाच वाजता गमबूट फटफटवत काका आले. इसोगेनचा पडदा पुन्हा लागला होता, हे मला बाजारात कळलंच होतं. मी पेटी पुढे सरकवली.

त्यांनी ती कॅरिअरवर नाही ठेवली. माझ्या फळीवर ठेवली आणि झाकण काढलं. एकेक मासा बर्फातून उचलला, कल्ला उघडला, पोट दाबलं, आणि चेहरा खाली नेऊन वास घेतला. सावकाश. हलवा, तारली, दोन बांगडे. प्रत्येकाचा. समोरच्या गाळ्यावरचा बर्फ फोडता फोडता थांबला आणि मग घाईघाईने दुसरीकडे बघू लागला. सगळा बाजार दुसरीकडे बघत होता.

त्या नाकाला फारसं काही कळत नाही, हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही.

"ठीक आहे," काका म्हणाले.

तेव्हापासून रोज असंच चालतं. ते वास घेतात, मी उभी राहते, ते ठीक आहे म्हणतात. शनिवारी मी घरी जेवते. बर्फ सांडतो म्हणून ते मला आता बजावत नाहीत. झाकण ते स्वतःच लावतात.