रिकाम्या आकाशाचा आलेख

लुंबिनी माझी भाची. दिल्लीत मुनिरक्याला भाड्याच्या खोलीत राहून ताऱ्यांवर पीएचडी करणारी, आणि दर रविवारी लक्ष्मीबाई नगरला माझ्याकडे जेवायला येणारी. खोलीवर फोन नाही, म्हणून गुडगावच्या एका नव्या सॉफ्टवेअर कंपनीला नोकरीच्या अर्जात तिनं माझाच नंबर दिला होता. स्कॉलरशिप संपत आली होती. शोध लागला तर मुदतवाढ, नाही तर गुडगाव. मला विचाराल तर गुडगावच बरं होतं.

तिचा न्यूट्रॉन तारा आकारानं एखाद्या शहराएवढा, वजनानं सूर्याहून जड. तो जोडीदार ताऱ्याचा वायू ओढून घेतो. तो वायू असा गरगरतो की क्ष-किरणांचा उजेड सेकंदाला शेकडो वेळा कमीजास्त होतो.

"म्हणजे दुसऱ्याच्या ताटातलं ओढायचं, वर थयथयाट!" मी म्हटलं.

"बिल्कुल, मावशी!"

एका रविवारी ती नाचतच आली. उपग्रहाच्या नोंदींत तिला ती लुकलुक सापडली होती. मी लगेच अख्ख्या ब्लॉकमध्ये पेढे वाटले. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय!

पुढच्या रविवारी तिला जेवण जाईना. "मावशी, उपग्रह रिकाम्या आकाशाकडे बघत होता ना, तेव्हाच्या नोंदी तपासल्या. तीच लुकलुक तिथंही आहे. ती ताऱ्याची नाही, यंत्राचीच आहे."

"कोणाला कळलंय?"

"फक्त मला."

"मग आधी मुदतवाढ मिळू दे, नंतर सांग."

ती ताट सारून उठली. मला तिचा असा राग आला!

सेमिनारला तिनं मला बळेच नेलं. तिच्या गाईड सरांना तिनं सकाळीच खरं काय ते सांगितलं होतं. ते तोंड पाडून पुढच्या रांगेत बसले होते. तिचं इंग्रजी माझ्या डोक्यावरून गेलं. पण शेवटी तिनं प्रोजेक्टरवर दोन पारदर्शक कागद ठेवले, एक ताऱ्याचा, एक रिकाम्या आकाशाचा, आणि एकावर एक सरकवले. दोन्ही आलेखांची शिखरं नेमकी जुळली. ऊर भरून आला माझा. एवढी मोठी कधी झाली ही पोरगी?

सर म्हणाले, "चलो, डेटा में से मशीन का हिस्सा हटाकर फिर से ढूँढो. एक्सटेंशन की कोशिश करूँगा, वादा नहीं."

बसमध्ये ती हळूच म्हणाली, "मावशी, गुडगावचा फोन आला तर नाही सांगशील?"

फोन दुसऱ्याच दिवशी आला.

"लुंबिनी? वो नहीं आएगी जी," मी म्हटलं. "उसका तारा ढूँढना अभी बाकी है."